फोटोला काठ लावताना: बॉर्डरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कराडमध्ये आमचा छोटा स्टुडिओ आहे. कॅमेरा नवऱ्याकडे, अल्बमचं डिझाइन, जुन्या फोटोंची दुरुस्ती आणि लॅबला जाणाऱ्या फाइली माझ्याकडे. "ताई, जरा बॉर्डर टाकून द्या ना" हे वाक्य काउंटरवर दिवसातून चार वेळा तरी ऐकू येतं. मे महिन्यात शिकायला येणारी पोरंही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

बॉर्डर, फ्रेम आणि माउंट हे एकच का?

गिऱ्हाईक तिन्हीला फ्रेमच म्हणतं, आणि त्यात बिघडत काही नाही. कामात मात्र फरक पडतो. फोटोच्या कडेनं फिरणारी रंगाची किंवा नक्षीची पट्टी ती बॉर्डर. फोटो आणि लाकडी चौकट यांच्या मधला रिकामा पांढरा किंवा रंगीत भाग तो माउंट. लाकडाचा, फायबरचा किंवा सॉफ्टवेअरमध्ये लाकडासारखा दिसणारा घेर ती फ्रेम. पहिल्या दोन गोष्टी संगणकावर छान होतात. संगणकावर केलेली लाकडी फ्रेम प्रिंट काढून परत खऱ्या लाकडी फ्रेममध्ये बसवायला आणणारेही भेटतात. त्यांना मी एकदा समजावते, ऐकलं नाही तर करून देते.

कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? पैसे घालावेच लागतात का?

नाही. फोटोशॉपला महिन्याचं भाडं आहे. रोज काम असेल तर ते परवडतं. घरच्या चार फोटोंसाठी गिंप फुकट आहे आणि बॉर्डरच्या कामात कुठेही कमी पडत नाही. काही बसवून घ्यायचं नसेल तर ब्राउझरमध्ये फोटोपिया उघडा. त्याचा चेहरामोहरा फोटोशॉपसारखाच आहे आणि फोटोशॉपच्या फाइलीही त्यात उघडतात. मोबाइलवर स्नॅपसीडच्या 'फ्रेम्स'मध्ये तयार कडा मिळतात, जाडी बोटानं कमीजास्त करता येते. विंडोजवर फक्त साधी पट्टी हवी असेल तर इरफानव्ह्यूसारखं हलकं सॉफ्टवेअर पुरे.

फोटोशॉपमध्ये साधी, चारही बाजूंनी सारखी बॉर्डर कशी टाकायची?

दोन रस्ते आहेत. पहिला बाहेरून. 'इमेज' मेनूत 'कॅनव्हास साइज' उघडा (कंट्रोल, ऑल्ट आणि सी), 'रिलेटिव्ह'वर टिक करा, रुंदी आणि उंची दोन्हीत तोच आकडा भरा, खाली रंग निवडा. इथे सगळे एकदा तरी फसतात: १ इंच भरला की प्रत्येक बाजूला १ इंच वाढत नाही, अर्धा-अर्धा वाढतो. तो आकडा दोन्ही बाजू मिळून असतो. आणि रंगाचा चौकोन फिका दिसत असेल, दाबला जात नसेल, तर तुमच्या फाइलीत 'बॅकग्राउंड' लेअर (चित्राचा सगळ्यात खालचा थर) उरलेला नाही. खाली एक नवा लेअर घेऊन त्यात रंग भरा, काम तेच होतं.

दुसरा रस्ता आतून. लेअरवर दोनदा क्लिक करून त्याचं कुलूप काढा, मग लेअर स्टाइलमध्ये 'स्ट्रोक'. तिथे 'पोझिशन' नावाचा पर्याय आहे, त्याकडे कोणी बघत नाही. 'आउटसाइड' ठेवलं तर पट्टीचे कोपरे गोल होतात, 'इनसाइड' ठेवलं तर काटकोनात राहतात. "माझ्या बॉर्डरचे कोपरे बोथट का?" या प्रश्नाचं उत्तर नव्वद टक्के वेळा एवढंच. फक्त 'इनसाइड'मध्ये पट्टी फोटोवर चढते, म्हणजे कडेला उभ्या असलेल्या मामींचा खांदा जाणार, हे लक्षात ठेवा.

आणि गिंपमध्ये?

तिथेही 'इमेज' मेनूत 'कॅनव्हास साइज' आहे. नवी रुंदी-उंची भरताना मधली साखळी तोडा, नाहीतर एक आकडा बदलला की दुसरा आपोआप बदलतो. मग 'सेंटर' दाबा, म्हणजे फोटो मधोमध येईल.

झटपट हवं असेल तर 'फिल्टर्स'मध्ये 'डेकॉर', त्यात 'ॲड बॉर्डर'. पण ते चारही बाजूंना थोड्या वेगळ्या छटा देतं, वरून उजेड पडल्यासारख्या. पुष्कळांना तो बिघाड वाटतो. 'डेल्टा व्हॅल्यू'चा आकडा शून्य करा, चारही बाजू एकरंगी होतात. 'डेकॉर'मध्येच मऊ, विरत जाणाऱ्या कडेसाठी 'फझी बॉर्डर' आहे, गोल कोपरे आहेत, स्लाइडची चौकट आहे, अगदी चहा-कॉफीचे डागसुद्धा आहेत. डागांचा मोह बहुतेकांना एकदाच होतो.

बॉर्डर किती जाड ठेवावी?

पिक्सेलमध्ये मोजू नका, फोटोच्या प्रमाणात मोजा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या १००० पिक्सेलच्या फोटोवर २० पिक्सेलची पट्टी ठसठशीत दिसते. मोबाइलच्या मूळ ४००० × ३००० फोटोवर तीच पट्टी दोऱ्याएवढी होते आणि "ताई, बॉर्डर विसरलात" असा फोन येतो. आखूड बाजूच्या ३ ते ५ टक्के धरा: ३००० पिक्सेलला ९० ते १५०. माउंटसारखा मोकळा पांढरा भाग हवा असेल तर १० टक्क्यांपर्यंत जा.

माउंट कापणारे जुने कारागीर खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी जास्त ठेवतात. चारही बाजू अगदी सारख्या ठेवल्या की फोटो खाली घसरल्यासारखा भासतो, कारण डोळ्याला मध्य थोडा वर वाटतो. संगणकावरही हे चालतं. वर आणि बाजूंना १५०, तर खाली १८०. बघणाऱ्याला कळत नाही, पण बरं वाटतं.

पडद्यावर बॉर्डर बरोबर होती. प्रिंट आली तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला गायब. असं का?

या एका प्रश्नावर आमच्या दुकानात सगळ्यात जास्त भांडणं झाली आहेत.

लॅबचं मशीन 'बिनकडेची' प्रिंट काढतं तेव्हा फोटो कागदापेक्षा किंचित मोठा करतं. कागद सरकताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर पांढरी फट दिसू नये, म्हणून ही तजवीज. साध्या फोटोत कडेचे दोन-तीन मिलिमीटर गेले तर कोणाला समजतही नाही, थोडं आभाळ जातं, थोडी भिंत जाते. पण तुम्ही अगदी कडेला तीन मिलिमीटरची सोनेरी रेघ ओढली असेल तर मशीन नेमकी तीच खातं. कागद जरा तिरका गेला की डावीकडे रेघ राहते आणि उजवीकडे जाते.

उपाय तीन. एक, कडेची बॉर्डर पाव इंचापेक्षा बारीक ठेवू नका. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ७५ पिक्सेल. तीन मिलिमीटर गेले तरी निम्मी उरते. दोन, बारीक रेघ हवीच असेल तर ती कडेला न ठेवता आत घ्या: बाहेर रुंद पांढरा भाग, त्याच्या आत रेघ, मग फोटो. पांढरं कमीजास्त झालेलं डोळ्याला कमी खुपतं, रेघ मात्र शाबूत राहते. तीन, फाइल देतानाच सांगा की फोटो कागदात पूर्ण बसवा, कागद भरू नका. लॅबवाल्याला दोन्ही येतं. न सांगितल्यास तो कागद भरतो.

एका मुंजीच्या शंभर प्रिंटा मला या शहाणपणाआधी परत कराव्या लागल्या होत्या. लॅबची चूक नव्हती, रेघ माझी होती.

बॉर्डर टाकल्यावर फोटो ४ × ६ मध्ये बसेना. फाइल तर त्याच मापाची होती!

होती, आता नाही. गणित करून बघा. ४ × ६ इंच म्हणजे ३०० डीपीआयला १२०० × १८०० पिक्सेल, प्रमाण दोनास तीन. बाहेरून सगळीकडे १०० पिक्सेल जोडले की झाले १४०० × २०००, म्हणजे सातास दहा. सगळीकडे सारखं जोडलं की प्रमाण मोडतंच, फक्त चौरस फोटो याला अपवाद.

म्हणून उलट्या बाजूनं सुरुवात करायची. आधी १८०० × १२०० चा कोरा कागद उघडा. १०० पिक्सेलची बॉर्डर सोडली की आत १६०० × १००० ची खिडकी उरते. फोटो १६०० रुंद केला तर तो उंचीला १०६७ भरतो, म्हणजे वरखाली मिळून ६७ पिक्सेल झाकले जातील. ते कुठून घालवायचे हे तुम्ही ठरवा. नवरीच्या डोक्यावर मोकळी जागा असेल तर वरून, नसेल तर पायाकडून. ही निवड मशीनवर सोडली की मुंडावळ्या जातात.

नेहमी लागणारी मापं भिंतीवर चिकटवून ठेवा: ५ × ७ ला १५०० × २१००, ८ × १२ ला २४०० × ३६००, १२ × १८ ला ३६०० × ५४००.

रंग कोणता घ्यावा?

फोटोतूनच उचला. ड्रॉपरनं साडीच्या काठाचा, दाराचा, फेट्याचा रंग घ्या आणि तो थोडा गडद करा किंवा थोडा फिका. जसाच्या तसा घेतला तर पट्टी फोटोशी झगडते. डोळे जिथे आधी जातात त्या रंगाऐवजी फोटोत कोपऱ्यात पडलेला रंग निवडला तर जास्त शोभतो.

पांढऱ्या बॉर्डरला आतून किंवा बाहेरून करड्या रंगाची दोन-चार पिक्सेलची रेघ द्या. नाहीतर पांढऱ्या पानावर पांढरी बॉर्डर कुठे संपते ते दिसतच नाही. सोनेरी रंगाचं म्हणाल तर पडद्यावर चमकणारं सोनं कागदावर मोहरीसारखं येतं. चमक ही उजेडाची असते, शाईची नव्हे. गिऱ्हाइकाला हे आधी सांगून ठेवावं.

काळी बॉर्डर वापरू का?

वापरा, पण फोटो कोणाचा आहे ते बघून.

काळ्या कडेला छायाचित्रणात मोठा मान आहे. डार्करूममध्ये निगेटिव्ह धरणारी चौकट कानशीनं घासून थोडी मोठी केली की निगेटिव्हच्या कडेचा पारदर्शक भागही कागदावर उतरतो आणि काळा दिसतो. फोटोच्या भोवती ती काळी रेघ आली म्हणजे चौकट कापलेली नाही, जशी दिसली तशीच छापली, याचा तो दाखला. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या प्रिंटांवर ती रेघ दिसते. मला ती फार आवडते.

या आवडीपायीच एकदा घोळ झाला. एका आजोबांचा अमृतमहोत्सव होता. कृष्णधवल, फार बोलका फोटो. मी बारीक काळी बॉर्डर टाकली, खाली नाव आणि जन्मसाल लिहिलं. मुलानं तो सकाळी व्हॉट्सॲपवर लावला आणि दुपारपर्यंत त्यांच्याकडे गावाहून तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. आजोबा ओट्यावर चहा पीत बसले होते. ते खूप हसले. त्यांची सून अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आपल्याकडे वर्तमानपत्रांनी आणि चौकातल्या बोर्डांनी काळ्या चौकटीचा अर्थ पक्का करून ठेवला आहे. वयस्कर माणूस, एकट्याचा फोटो आणि खाली नाव असं जुळत असेल तर काळ्याऐवजी गडद तपकिरी किंवा मरून घ्या.

पोलरॉइडसारखी बॉर्डर कशी करायची? खालची बाजू रुंद का असते?

ती रुंद बाजू शोभेची नव्हती. १९७२ साली आलेल्या, फोटो लगेच हातात देणाऱ्या पोलरॉइडच्या एसएक्स-७० कॅमेऱ्याच्या फिल्ममध्ये फोटो धुण्याचं रसायन खालच्या पट्टीतल्या एका चपट्या पुडीत भरलेलं असायचं. फोटो बाहेर येताना दोन रुळांमधून जायचा, पुडी फुटायची आणि रसायन पसरायचं. पुडीला जागा हवी म्हणून खालची पट्टी जाड. तिच्यावर नाव-तारीख लिहायला लागले ते लोक.

त्या प्रिंटचं माप साडेतीन बाय ४.२ इंच, आणि आतला चौरस ३.१ इंचाचा. मी असं करते: १०५० × १२६० पिक्सेलचा कागद, आत ९३० चा चौरस, बाजूंना ६०, वर ७५, खाली २५५. कागदाचा रंग शुद्ध पांढरा ठेवू नका, किंचित पिवळट घ्या. फोटोच्या आतल्या कडेला अगदी पुसट सावली दिली की तो कागदात बसल्यासारखा वाटतो. बारशाच्या फोटोंना ही बॉर्डर हल्ली फार मागतात. खालच्या पट्टीत बाळाचं नाव बसतं.

फाटलेल्या कागदासारखी किंवा ब्रश फिरवल्यासारखी कड हवी असेल तर?

फोटोच्या लेअरला मास्क द्या, म्हणजे जिथे काळा तिथे फोटो झाकणारा पडदा. कडेपासून थोडं आत चौकोनी सिलेक्शन घेऊन बाहेरचा भाग मास्कवर काळा करा. आता मास्कवरच क्लिक ठेवून 'फिल्टर गॅलरी'तलं 'स्पॅटर' चालवा: सरळ कड खडबडीत होते. आकडे वाढवत जा, तुम्हाला हवं तिथे थांबा. गॅलरी फिकी दिसत असेल तर फाइल सीएमवायके (छपाईच्या रंगांत) किंवा १६ बिटमध्ये आहे. ती आरजीबी आणि ८ बिट करा. गिंपमध्ये सिलेक्शन घेऊन 'सिलेक्ट' मेनूतलं 'डिस्टॉर्ट' वापरा, मग सिलेक्शन उलटं करून पांढरा भरा.

फिल्टरनं चारही बाजू सारख्याच फाटतात आणि तिथेच ते खोटं दिसतं. म्हणून शेवटी खरखरीत ब्रश घेऊन मास्कवर हातानं दोन-तीन ठिकाणी जास्त खा, एक बाजू जवळजवळ सरळ ठेवा. खरा कागद असाच फाटतो.

पैठणीच्या काठाची बॉर्डर करता येईल का?

येईल, आणि माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

साडी जमिनीवर सपाट पसरा, सावलीत. उन्हात जरीची तार चकाकते आणि रंग पळतो. काठाच्या बरोबर वर मोबाइल धरून फोटो काढा. तिरका काढला तर काठ एका टोकाला निमुळता येतो. आता काठ नीट बघा. मुनिया (पोपटांचा काठ) असो, नारळी असो, एकच आकृती पुन्हा पुन्हा येत असते. ती एक आकृती, एका पोपटाच्या चोचीपासून पुढच्या पोपटाच्या चोचीपर्यंत, काटेकोर कापून घ्या. एक पिक्सेल कमीजास्त झाला तर जोडाजोडात रेघ दिसते.

आता माप. ६ × ४ च्या आडव्या फोटोत आकृती १५० पिक्सेलची केली तर १८०० मध्ये बरोबर १२ आणि १२०० मध्ये बरोबर ८ बसतात. १४० ची केली तर शेवटचा पोपट अर्धा राहतो. आधी भागाकार, मग बाकी सगळं. फोटोशॉपमध्ये आकृती निवडून 'एडिट' मेनूत 'डिफाइन पॅटर्न' करा आणि पट्टीत भरा. गिंपमध्ये कॉपी केलेली आकृती पॅटर्नच्या यादीत आपोआप येते.

खरी परीक्षा कोपऱ्याला. पट्ट्या एकमेकींवर चढवल्या तर एक पोपट दुसऱ्याच्या पाठीवर बसतो. सुतारासारखं ४५ अंशात कापलं तर पोपटाचे दोन तुकडे होतात. मी कोपऱ्यात १५० चा स्वतंत्र चौकोन ठेवते, त्यात एखादं फूल किंवा कोयरी. मग लांब बाजूला १० आणि आखूड बाजूला ६ पोपट उरतात. डावा अर्धा भाग आरशासारखा उलटवून उजवीकडे लावला की दोन्हीकडचे पोपट मध्याकडे तोंड करतात. खालच्या पट्टीत मात्र पोपट उलटे लटकवू नका. फिरवण्याच्या भरात हे हमखास होतं, आणि पैठणी नेसणारी बाई ते पहिल्या नजरेत ओळखते.

वारली चित्रांची बॉर्डर?

वर्तुळ, त्रिकोण, रेघ. काढायला सोपी दिसते म्हणून सगळीकडे चिकटवलेली दिसते. वारली लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात. त्या चौकाच्या आत देवी बसते आणि भोवतीच्या नक्षीच्या ओळी चित्राइतक्याच महत्त्वाच्या असतात. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून शहरात मागणी वाढलीच. माझं मत सांगते: नुसत्या त्रिकोणांची किंवा माणसांच्या रांगेची पट्टी करायला हरकत नाही, पण देवीचा चौक कापून त्यात सेल्फी बसवू नये. आणि एखाद्या चित्रकारानं काढलेलं चित्र इंटरनेटवरून उचललंत तर ती चोरी आहे. डहाणू-जव्हारकडचे चित्रकार पैसे घेऊन पट्टी काढून देतात, त्यांच्याकडून घ्या.

फोटोतली एखादी गोष्ट चौकटीच्या बाहेर आलेली दाखवायची आहे.

पोळ्याच्या बैलाचं उदाहरण घेऊ. शिंगांना बेगड लावलंय, टोकाला गोंडे. फोटोच्या दोन प्रती करा. खालच्या प्रतीला मास्क देऊन ती चौकटीपुरती ठेवा, त्यावर जाड पांढरी बॉर्डर. वरच्या प्रतीत फक्त एक शिंग आणि गोंडा ठेवून बाकी सगळं मास्कनं झाका. शिंग बॉर्डर ओलांडून बाहेर येतं. शिंगाखाली बॉर्डरवर पडेल अशी मऊ सावली द्या, तिची दिशा फोटोतल्या उन्हाला धरून. ऊन डावीकडून असेल आणि सावलीही डावीकडे पडली, तर काय खटकतंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं.

एकच गोष्ट बाहेर काढा. शिंग, शेपूट, कासरा आणि धरणारा गडी असे सगळे बाहेर आले की चौकट कशाला ठेवली होती?

इंटरनेटवरून पारदर्शक फ्रेम उतरवली, पण फोटोवर टाकली तर राखाडी-पांढरे चौकडे दिसतात.

ते चौकडे चित्रातच छापलेले आहेत. पारदर्शक भाग दाखवायला सॉफ्टवेअर चौकडे दाखवतं. कोणीतरी त्याचाच स्क्रीनशॉट काढून टाकलेला असतो. ओळखायची खूण म्हणजे शोधतानाच्या छोट्या चित्रात चौकडे दिसत असतील तर बहुधा नकली. फाइलीच्या नावाचा शेवट जेपीजी असेल तर पारदर्शक असणं शक्यच नाही, त्या प्रकाराला ते जमत नाही. पीएनजी हवी. आणि फुकट म्हणून उतरवलेल्या फ्रेमच्या अटी वाचा. पुष्कळदा घरच्या वापराला मोकळीक असते, धंद्याला नसते.

बॉर्डरवर मराठी लिहिलं की जोडाक्षरं तुटतात, वेलांटी भलतीकडे जाते.

फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप' उघडा आणि तिथे 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडा. जुन्या आवृत्तीत त्याचं नाव 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' आहे. आधी लिहिलेला मजकूर तसाच तुटका राहू शकतो, नव्यानं लिहा. गिंपमध्ये ही भानगड नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला मजकूर श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाकला तरी सगळं विस्कटतं, कारण मोबाइलचं टायपिंग युनिकोडमधलं, म्हणजे सगळीकडे सारखं चालणाऱ्या अक्षरसंकेतातलं असतं. मुक्ता, बालू, तिरो देवनागरी मराठी हे फुकट युनिकोड फॉन्ट वापरा. शेवटच्या फॉन्टमध्ये आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात. पत्रिकेला ते फार शोभतात.

दोनशे फोटोंना एकच बॉर्डर टाकायची आहे. रात्र जाणार का?

फोटोशॉपमध्ये ॲक्शन (एका फोटोवर केलेल्या पायऱ्यांची नोंद) रेकॉर्ड करा आणि 'ऑटोमेट'मधल्या 'बॅच'ला द्या. एक पायरी विसरू नका: सुरुवातीला 'फिट इमेज' वापरून लांब बाजू ३००० करून घ्या, मगच पिक्सेलमध्ये बॉर्डर. नाहीतर मोबाइलच्या आणि कॅमेऱ्याच्या फोटोंवर वेगवेगळ्या जाडीची पट्टी येते. टक्क्यांत टाकली तर आडव्या फोटोच्या बाजू जाड होतात आणि वरखाली बारीक. फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जातील असं बघा. मूळ फोटोंवर बॉर्डर सेव्ह झाली की परतीची वाट नसते.

व्हॉट्सॲपच्या डीपीला बॉर्डर दिली, दिसतच नाही.

डीपी गोल दिसतो. चौरसातल्या वर्तुळात सुमारे ७८ टक्केच भाग येतो, चारही कोपरे जातात. बॉर्डरही गोलच काढा. इन्स्टाग्रामच्या उभ्या पोस्टला १०८० × १३५०, स्टोरीला १०८० × १९२०. स्टोरीत वर नाव आणि खाली उत्तराची जागा येते, तिथे नक्षी वाया जाते. व्हॉट्सॲपनं पाठवताना बारीक रेघ फुटते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फ्लेक्सला आणि अल्बमला?

फ्लेक्स लाकडी पट्ट्यांवर ताणून ठोकतात, कडेचे दोन-तीन इंच मागे जातात. बॉर्डर तेवढी आत घ्या, नाहीतर भाऊंच्या वाढदिवसाला तीनच बाजूंची बॉर्डर लागते. १२ × ३६ इंचाच्या करिझ्मा अल्बमच्या शीटची घडी बरोबर १८ इंचावर पडते. तिथे उभी रेघ नको आणि चेहरा तर नकोच.

आजोबांच्या जुन्या फोटोची बॉर्डर डागाळली आहे. ती कापून नवी टाकू का?

थांबा. जुन्या फोटोची पांढरी कड डार्करूममध्ये तयार झालेली असते: कागद सपाट धरणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांखाली उजेड पोचत नसे, तेवढा भाग पांढरा राही. काहींच्या कडा दातेरी कातरलेल्या असतात. पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो असेल तर खाली बहुधा स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं. फोटो कधीचा, कुठला, हे सांगणारं घरात दुसरं काहीच उरलेलं नसतं.

आमच्याकडे एका काकूंनी त्यांच्या सासऱ्यांचा फोटो आणला होता. डागाळलेला पुठ्ठा कापून फक्त चेहरा मोठा करा म्हणाल्या. स्कॅन करायला उचलला तर बोटाला खडबडीत लागलं. खालच्या पट्टीत स्टुडिओचं नाव उठावात ठसवलं होतं, शाई नव्हती म्हणून कोणाला दिसलं नव्हतं. दिवा आडवा धरला तेव्हा गाव वाचता आलं: बेळगाव. "ते बेळगावला कधी गेले होते?" काकू स्वतःशीच म्हणाल्या, आणि घरी फोन लावायला बाहेर गेल्या.

तेव्हापासून मी आधी पुठ्ठ्यासकट, चारही कडा दिसतील असं ६०० डीपीआयला स्कॅन करते आणि ती फाइल तशीच ठेवते. डाग काढणं, नवी बॉर्डर, रंग, सगळं दुसऱ्या प्रतीवर. मागची बाजूही स्कॅन करते. त्याचे वेगळे पैसे घेत नाही.